न गंजणारे पोलाद

पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यात लोणी भापकर नावाचे एक गाव आहे. गाव जिरायत पट्ट्यातले. पाऊस बेताचा आणि लहरी. त्यामुळे मृग नक्षत्र निघाले की शेतकऱ्याची नजर आभाळाकडे लागते ती हस्त सरेपर्यंत. अशा या गावात जुन्या शिल्पकलेचे मोठे धन आहे. यादवकालीन म्हणून ओळखले जाणारे मल्लिकार्जुनाचे दगडी मंदिर, रेखीव बांधणीची पुष्करणी आणि यज्ञवराहाची मूर्ती पाहण्यासाठी लांबलांबचे अभ्यासक येथे येतात. शेकडो पावसाळे या दगडांवरून वाहून गेले. परंतु त्यांवरील कोरीव काम अजून डोळ्यांत भरते.

मुलांनो, आता एक प्रश्न मनात आणा. हा कठीण पाषाण ज्या छिन्नीने कोरला ती छिन्नी आज कोठे आहे? दगडापेक्षा पोलाद बळकट, म्हणून तर पोलादाने दगड कोरला. तरीही दगड टिकला आणि त्याला आकार देणारे पोलाद केव्हाच मातीस मिळाले. एवढ्या बलवान धातूचा पराभव कोणी केला? हवेने आणि पाण्याने. या पराभवालाच आपण गंज म्हणतो.

नांगराचा फाळ, कुळवाची पास, विळा, कोयता, विहिरीवरचा रहाट, बैलगाडीची धाव ही सगळी शेतकऱ्याची लोखंडी संपत्ती. ती एक पावसाळा उघड्यावर पडली, तर तिच्यावर तांबूस भुकटीचा थर चढतो. थर खरवडून काढला, तर खाली पुन्हा लोखंड दिसते. पण ते पहिल्यापेक्षा पातळ झालेले असते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. अशा रीतीने गंज लोखंडाला हळूहळू खाऊन टाकतो.

गंज कशाने चढतो, हे तुम्हांला घरीच पाहता येईल. तीन काचेच्या बाटल्या आणि तीन नवे, स्वच्छ खिळे घ्या. पहिली बाटली ठणठणीत कोरडी करून तीत एक खिळा टाका व बूच घट्ट लावा. दुसऱ्या बाटलीत चांगले उकळून निवविलेले पाणी काठोकाठ भरा, तीत खिळा बुडवा आणि वर तेलाचा थर देऊन हवा बंद करा. तिसऱ्या बाटलीत साधे पाणी अर्धवट भरून खिळा टाका व तोंड उघडे ठेवा. चार-पाच दिवसांनी पाहिलेत, तर तिसऱ्या बाटलीतील खिळा गंजलेला दिसेल. पहिले दोन बहुधा जसेच्या तसे असतील. पहिल्याला हवा मिळाली, पण पाणी मिळाले नाही. दुसऱ्याला पाणी मिळाले, पण हवा मिळाली नाही. तिसऱ्याला दोन्ही मिळाली. यावरून असे दिसते की, हवेतील ऑक्सिजन आणि पाणी यांची जोडी जमल्याशिवाय लोखंड गंजत नाही.

खरे पाहता गंज म्हणजे लोखंडाचे आपल्या मूळ रूपाकडे परत जाणे होय. खाणीत लोखंड शुद्ध स्वरूपात सापडत नाही. ते ऑक्सिजनशी संयोग पावलेल्या तांबड्या-काळ्या दगडाच्या रूपात असते. मोठमोठ्या भट्ट्यांत प्रचंड उष्णता देऊन आपण त्याला ऑक्सिजनपासून सोडवतो. परंतु संधी मिळताच ते पुन्हा ऑक्सिजनला जाऊन मिळते. दुर्दैवाने त्यातून जो गंज तयार होतो तो सच्छिद्र व भुसभुशीत असतो. मूळ लोखंडापेक्षा तो अधिक जागा व्यापतो, त्यामुळे फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचे ताजे लोखंड पुन्हा उघडे पडते. गंजाचा थर लोखंडाला झाकतो खरा, पण त्याचे रक्षण करीत नाही. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. पुढचा सारा चमत्कार याच एका गोष्टीत दडलेला आहे.

गंजाशी मनुष्याचे युद्ध फार जुने आहे. अवजाराला तेल चोपडणे, दारे-खिडक्यांच्या गजांना रंग देणे, पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा मुलामा चढविणे हे त्या युद्धातले डावपेच. या साऱ्यांत एक समानता आहे. रक्षण करणारा थर बाहेरून चढविलेला असतो. तेल पुसले जाते, रंगाला टवके पडतात, जस्त काही काळ स्वतः झिजून लोखंडाला वाचवते, पण शेवटी तेही संपते.

स्वयंपाकघरात तर लोखंडापेक्षा तांब्या-पितळेची भांडी मानाची. ती गंजत नाहीत, पण त्यांचे दुखणे निराळे. पितळेच्या भांड्यात ताक, आमटी किंवा चिंचेचे सार काही वेळ राहिले, तर आंबट पदार्थातील आम्ल धातूवर काम करू लागते. पदार्थाला हिरवट छटा येते आणि तो तोंडात धरवत नाही. यालाच पदार्थ ‘कळकला’ असे म्हणतात. असे अन्न खाल्ल्यास मळमळते, उलट्या होतात. म्हणून पूर्वी दर काही महिन्यांनी दारात कल्हईवाला येई. अंगणात खड्डा करून तो भाता लावी, भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकी, कथलाचा तुकडा टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला धातू भांड्याच्या आतून भराभर फिरवी. पांढऱ्या धुराचा लोट उठे आणि काळवंडलेले भांडे चांदीसारखे चमकू लागे! मुलांना ते पाहण्याचा मोठा नाद असे. परंतु कल्हई उडाली आणि पुन्हा करून घ्यायला हाताशी पैसा नसला, तर घरातील माणसांच्या प्रकृतीवर बेतत असे. भांड्याचा प्रश्न हा असा नुसत्या शोभेचा नव्हता. तो आरोग्याचा प्रश्न होता.

रक्षण करणारा थर बाहेरून न चढविता धातूने तो आपल्या अंगातूनच निर्माण केला तर? या प्रश्नाचे उत्तर क्रोमियम नावाच्या धातूने दिले.

क्रोमियमचा शोध फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यांनी १७९७ साली लावला. त्याची संयुगे नाना रंगांची असतात, म्हणून ग्रीक भाषेतील ‘रंग’ या अर्थाच्या शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. १८२१ साली फ्रान्समधीलच बर्थिए यांच्या ध्यानात आले की, लोखंडात क्रोमियम मिसळले असता त्या मिश्रणावर आम्लाचा परिणाम कमी होतो. परंतु त्या काळी क्रोमियममिश्रित पोलादात कार्बनही पुष्कळ राहत असे. त्यामुळे ते ठिसूळ होई आणि कामाचे ठरत नसे. ही अडचण दूर होण्यास पुढे जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

१९१२ साली जर्मनीतील एसेन येथे क्रुप या कारखान्यातील श्ट्राउस आणि माउरर या शास्त्रज्ञांनी क्रोमियम व निकेल घातलेल्या पोलादाचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील शेफील्ड शहरी हॅरी ब्रियर्ली यांनी दुसऱ्या वाटेने तेथवर मजल मारली.

या ब्रियर्लींची कथा तुमच्या वयाच्या मुलांनी ऐकावी अशीच आहे. त्यांचे वडील पोलाद वितळविण्याच्या भट्टीवर कामगार होते. घरची गरिबी, त्यामुळे बाराव्या वर्षी शाळा सोडून हॅरीला पोलादाच्या कारखान्यात कामाला जावे लागले. काही दिवसांनी त्याला कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुण्याचे काम मिळाले. बाटल्या धुता धुता तो तेथील प्रयोग पाहू लागला, विचारू लागला, रात्री अभ्यास करू लागला. आणि एके दिवशी शेफील्डमधील मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख झाला.

त्या सुमारास बंदुकींच्या नळ्या आतून लवकर झिजतात अशी तक्रार होती. तिच्यावर उपाय शोधण्यासाठी ब्रियर्ली निरनिराळ्या प्रमाणांत क्रोमियम घालून पोलाद तयार करीत होते. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्यांनी ओतलेल्या पोलादात शेकडा १२.८ भाग क्रोमियम आणि शेकडा ०.२४ भाग कार्बन होता. सूक्ष्मदर्शकाखाली पोलाद तपासण्यापूर्वी त्यावर आम्ल लावून त्याचा पृष्ठभाग खुलवावा लागतो. परंतु या तुकड्यावर आम्ल नीट चढेचना! दुसऱ्या एखाद्याने कपाळाला आठ्या घालून तो तुकडा फेकून दिला असता. ब्रियर्लींनी तसे केले नाही. जे पोलाद आम्लाला दाद देत नाही ते लिंबाच्या रसालाही देणार नाही, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी लिंबाचा रस आणि शिरका लावून पाहिला. पोलादावर डाग पडला नाही. बंदुकीसाठी चाललेल्या शोधातून जेवणाच्या टेबलावरील सुरी जन्माला आली. या पोलादाला ‘स्टेनलेस’, म्हणजे डाग न पडणारे, हे नाव शेफील्डमधील सुऱ्यांच्या कारखान्याचे व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी सुचविले. मराठीत त्याला अगंज किंवा निष्कलंक पोलाद असेही म्हणतात. आपल्या घरांत मात्र ते नुसते ‘स्टील’ या नावाने नांदते.

ब्रियर्लींच्या मागून त्याच प्रयोगशाळेची धुरा वाहणारे हॅटफील्ड यांनी १९२४ साली शेकडा १८ भाग क्रोमियम आणि ८ भाग निकेल असलेले पोलाद प्रचारात आणले. ‘अठरा-आठ’ या नावाने ते जगभर गाजले. आज त्याच जातीला ३०४ हा क्रमांक आहे. तुमच्या घरातील एखाद्या चांगल्या पातेल्याच्या बुडाशी कदाचित ‘१८-८’ किंवा ‘३०४’ असा शिक्का असेल, शोधून पाहा.

या पोलादाची घडण हिशेबाने समजून घेऊ. एक किलोग्रॅम वजनाचे भांडे घेतले, तर त्यात क्रोमियम किमान १८० ग्रॅम, निकेल किमान ८० ग्रॅम, मँगॅनीज जास्तीत जास्त २० ग्रॅम आणि कार्बन एक ग्रॅमपेक्षाही कमी असतो. बाकीचे बहुतेक सारे, म्हणजे सुमारे ७०० ग्रॅम, लोखंडच! ज्या लोखंडाला गंज खाऊन टाकतो, तेच लोखंड येथे निर्धास्त असते. हे कसे घडते?

क्रोमियमलाही ऑक्सिजन आवडतो; किंबहुना लोखंडापेक्षा अधिक आवडतो. पोलादाचा पृष्ठभाग हवेत उघडा पडताच त्यातील क्रोमियम ऑक्सिजनशी संयोग पावते आणि पृष्ठभागावर एक कवच तयार होते. आपल्या मनावर ठसविलेली ती गोष्ट आता आठवा. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. क्रोमियमचे हे कवच मात्र घट्ट, सलग आणि पोलादाला चिकटून बसणारे असते. ते हवेला आणि पाण्याला आत शिरू देत नाही. हे पोलाद ऑक्सिजनशी संयोगच पावत नाही, असे नव्हे. ते एकदाच, अगदी वरच्यावर संयोग पावते आणि तोच थर त्याचे चिलखत होतो.

हे चिलखत किती पातळ असावे? अवघे दोन-तीन नॅनोमीटर. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे वीस-पंचवीस हजार पापुद्रे केले, तर त्यांतील एक पापुद्रा एवढा जाड भरेल! ते इतके पातळ असते की डोळ्यांना दिसत नाही. म्हणूनच पोलादाची चकाकी झाकली जात नाही. कवच टिकाऊ व्हावयाचे तर पोलादात शेकडा साडेदहा भाग तरी क्रोमियम असावे लागते.

या कवचाचा खरा गुण आणखी निराळा आहे. आपल्याकडे लग्नात आहेर म्हणून, रुखवतात किंवा वास्तुशांतीला स्टीलची भांडी देतात आणि त्यांवर यंत्राने नाव व तारीख घालून घेतात. आजीच्या लग्नातील डबा असेल, तर त्यावरील बारीक ठिपक्यांची अक्षरे पन्नास वर्षांनीही वाचता येतात. आता विचार करा. नाव घालणाऱ्या यंत्राच्या टोकाने भांड्याचे कवच जागोजाग फोडले. मग त्या अक्षरांत गंज का चढला नाही? पत्र्याच्या रंगीत डब्यावर असा ओरखडा उठला असता, तर एका पावसाळ्यात तेथे तांबूस रेघ उमटली असती. याचे उत्तर असे की, ओरखडा उठताच तेथील ताजे क्रोमियम हवेतील ऑक्सिजनला मिळते आणि फाटलेले कवच आपोआप सांधले जाते. आपल्या त्वचेवरील जखम भरून यावी तसेच हे आहे. फक्त येथे औषध लागत नाही. रंगाचा थर चढविलेला असतो. हे कवच धातूच्या रोमारोमांतून उगवते.

दिल्लीजवळच्या मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे, तोही स्टेनलेस पोलादाचा असेल काय, अशी शंका तुमच्या मनात येईल. तो तसा नाही. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे त्यावर निराळ्याच प्रकारचा रक्षक थर तयार झाला आहे. त्या लोहारांना हे रसायन ठाऊक नसेल. पण त्यांच्या हातची करामत आजही शास्त्रज्ञांना विचार करावयास लावते.

क्रोमियम चिलखत देते. मग निकेलचे काम काय? निकेलमुळे पोलादाच्या अंतर्गत कणांची रचना बदलते आणि ते चिवट व नरम होते. म्हणून ३०४ जातीचा पत्रा दाबयंत्रात घालून खोल पातेले, तांब्या किंवा कळशी बनविता येते. पत्रा फाटत नाही. हा चिवटपणा कडाक्याच्या थंडीतही जात नाही. साधे पोलाद फार थंड झाले की ठिसूळ होते. रुग्णालयात ऑक्सिजन साठविण्याची जी मोठी टाकी असते, तिच्यातील द्रवरूप ऑक्सिजन शून्याखाली सुमारे १८३ अंश इतका थंड असतो. अशा टाकीचे आतले भांडे बहुधा याच पोलादाचे करतात.

निकेलचा आणखी एक परिणाम गमतीचा आहे. या पोलादाला सामान्यतः लोहचुंबक चिकटत नाही. चुंबक घेऊन घरातील भांडी तपासा. पातेल्याच्या सपाट बुडाला तो चिकटणार नाही; पण दुमडलेल्या काठाला कधी किंचित ओढला जाईल. ठोकून, वाकवून पोलादाची रचना त्या जागी थोडी बदलते, म्हणून असे होते. मात्र चुंबक चिकटला म्हणजे भांडे खोटे, असे समजू नका. निकेल नसलेले, केवळ क्रोमियमचे स्टेनलेस पोलादही असते. त्याला चुंबक चिकटतो आणि तेही अस्सलच असते. उलट, महाग निकेलच्या ऐवजी मँगॅनीज अधिक घालून केलेल्या स्वस्त भांड्यांनाही चुंबक चिकटत नाही. परंतु गंजाला तोंड देण्याची त्यांची शक्ती काहीशी कमी असते. एका परीक्षेवरून धातूची पारख होत नाही. माणसाचीही होत नाही.

हे पोलाद पाण्याच्या आठपट जड आहे आणि सुमारे १४०० ते १४५० अंश सेल्सिअस तापमानाला वितळते. मात्र उष्णता वाहून नेण्यात ते फार मंद आहे. तांब्याच्या मानाने ते सुमारे पंचविसावा हिस्सा आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने सुमारे पंधरावा हिस्सा उष्णता वाहते. त्यामुळे चुलीची आच बुडाच्या एकाच भागी साठून राहते. पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध चटकन करपते, ते याच कारणाने. म्हणून काही भांड्यांच्या बुडाला बाहेरून तांब्याचा थर देतात, तर काहींच्या बुडात अ‍ॅल्युमिनियमचे कडे बसवितात.

आता आपण लोणी भापकरच्या परिसराकडे पुन्हा वळू. पाऊस दगा देतो तेथे दूधदुभते हाच शेतकऱ्याचा आधार असतो. परंतु दूध हा मोठा नाजूक पदार्थ. भांड्याच्या एखाद्या खाचेत कालच्या दुधाचा अंश राहिला, तर त्यात जंतू वाढतात आणि त्यांच्यामुळे आजचे ताजे दूधही नासते. दूध नासले की त्या कुटुंबाची दिवसभराची मेहनत वाया जाते. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत गावोगावचे दूध गोळा होऊन संकलन केंद्रांत सुमारे ४ अंशांपर्यंत थंड केले जाते आणि पुढे मोठ्या डेअरीत जाते. थंड करण्याची टाकी, दुधाचे नळ, टँकरचे आतले भांडे ही सारी स्टेनलेस पोलादाची असतात. त्यांचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने जंतूंना लपायला जागा राहत नाही. शिवाय दररोज ही यंत्रे आधी कढत सोड्याच्या तीव्र द्रावणाने आणि मग सौम्य आम्लाने धुतात. अ‍ॅल्युमिनियम अशा सोड्यात विरघळू लागले असते, तांबे-पितळ आम्लाने झिजले असते. हे पोलाद मात्र दोहोंनाही पुरून उरते. दुधातील रोगजंतू मारण्यासाठी ते दूध ७२ अंशांपर्यंत तापवून १५ सेकंद ठेवतात. त्या यंत्रातील पत्रे मिलिमीटरभराहूनही पातळ असतात. त्यामुळे पोलादाची उष्णता वाहण्यातली मंदगती तेथे आड येत नाही.

याच तालुक्यांच्या बागायती भागात उसाचे मळे आहेत. माळेगाव, सोमेश्वरनगर आणि इंदापूर तालुक्यातील भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने सर्वांच्या परिचयाचे आहेत. उसाचा रस किंचित आम्लधर्मी असतो. तो तापवावा लागतो आणि आटवावाही लागतो. कढत आंबट रस साध्या पोलादाच्या नळ्यांना खातो. म्हणून अनेक कारखान्यांत रस आटविण्याच्या यंत्रांतील नळ्या आता स्टेनलेस पोलादाच्या असतात. अशी यंत्रे घडविणारी नगरीही जवळच, इंदापूर तालुक्यात आहे. प्रसिद्ध उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या नावाने वसलेले वालचंदनगर ते हेच. माळरानावर साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे तेथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीच तयार होऊ लागली.

स्टेनलेस पोलादाच्या अनेक जाती आहेत आणि प्रत्येकीचे काम वेगळे. ३०४ जातीला तापवून पाण्यात बुडविले तरी ती कठीण होत नाही. म्हणून तिची सुरी धार धरीत नाही. सुऱ्या, कात्र्या आणि शस्त्रक्रियेची हत्यारे यांसाठी अधिक कार्बन असलेली, पाणी देऊन कठीण करता येणारी जात वापरतात. कोकणच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याशी गाठ असते. तेथे मॉलिब्डेनम नावाचा धातू घातलेली ३१६ ही जात अधिक टिकते. आगगाडीचे नवे डबेही आता स्टेनलेस पोलादाचे बांधतात. त्यांची जात आणखी निराळी.

मग या पोलादाचा कोणी वैरी नाही काय? आहे, तो आपल्या स्वयंपाकघरातच बसलेला आहे. त्याचे नाव मीठ. मिठातील क्लोराइड हे त्या पातळ कवचाला सुईच्या अग्राएवढ्या ठिकाणी भेदते आणि तेथे बारीक खड्डा पडू लागतो. म्हणून खारट लोणचे किंवा मिठाचे पाणी स्टीलच्या भांड्यात दिवसेंदिवस ठेवू नये. त्यासाठी आपली चिनी मातीची बरणीच बरी. पाणी उकळण्यापूर्वी तळाशी मिठाचा खडा पडून राहू देऊ नये. लोखंडी तारेच्या काथ्याने भांडे घासू नये. कारण तारेचे सूक्ष्म कण भांड्यावर अडकतात, ते गंजतात आणि दोष मात्र भांड्याला लागतो. भांडे धुऊन कोरडे करून ठेवावे. हवा मिळाली की त्याचे कवच शाबूत राहते.

या चकचकीत धातूच्या मागे खाणीचा चिखल आणि माणसांचा घाम आहे, हेही आपण विसरता कामा नये. भारतातील क्रोमियमच्या दगडाचा फार मोठा साठा ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात आहे. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातही कणकवलीच्या परिसरात तो थोडा सापडतो. सुकिंदा येथील खाणींमुळे क्रोमियमचे एक विषारी रूप तेथील पाण्यात उतरले आणि आसपासच्या लोकांना त्याचा उपद्रव झाला. आपल्या ताटात निर्मळ अन्न यावे म्हणून दुसऱ्या कोणाच्या घड्यातले पाणी नासले, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. निकेल तर आपल्याला परदेशांतून आणावे लागते. सुदैवाने हे पोलाद वितळवून पुन्हा पुन्हा वापरता येते आणि त्याचा गुण कमी होत नाही. बोहारीण जुन्या कपड्यांवर नवे भांडे देते आणि भंगारवाला फुटके भांडे मोल देऊन नेतो. त्या फुटक्या भांड्यातून नव्या भट्टीला क्रोमियम व निकेल दोन्ही मिळतात आणि खाणीतील दगड तेवढाच वाचतो.

नव्या धातूने जुन्यांचे काम हिरावून घेतले, हेही खरे. कल्हईवाल्याची हाळी आता क्वचितच कानी पडते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्यावर हातोडी चालविणारे कारागीर अजून आहेत, पण थोडे. त्यांची कला जपणे आपले काम आहे. तांब्याचा बंब किंवा घंगाळ उष्णता जशी भराभर घेते, तशी स्टीलला कधीच घेता येणार नाही. प्रत्येक धातूचा आपला असा गुण आहे आणि तो ओळखून त्याला काम देणे यातच शहाणपण आहे.

स्टेनलेस पोलादाचा गुण कोणता, हे आता तुम्हीच सांगू शकाल. त्याला ओरखडे पडत नाहीत असे नाही. पण पडलेला प्रत्येक ओरखडा ते आपल्याच अंगच्या बळाने भरून काढते. बाहेरून चढविलेले तेज उडून जाते. अंगातून आलेले तेज टिकते.

अभ्यास

१. लोखंडाचा गंज आणि स्टेनलेस पोलादावरील कवच यांत कोणता मुख्य भेद आहे?
२. भांड्यावर कोरलेल्या नावाची अक्षरे का गंजत नाहीत?
३. कारणे द्या : (अ) पितळेच्या भांड्यांना कल्हई करीत. (आ) पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध करपते. (इ) दुधाच्या टाक्या अ‍ॅल्युमिनियमच्या करीत नाहीत. (ई) लोणचे बरणीत ठेवतात.
४. हॅरी ब्रियर्ली यांच्या अंगचे कोणते गुण त्यांच्या शोधाला उपयोगी पडले असे तुम्हांला वाटते?
५. अडीच किलोग्रॅम वजनाच्या ‘अठरा-आठ’ पातेल्यात क्रोमियम व निकेल किमान किती ग्रॅम असेल?
६. पाठात सांगितलेला तीन खिळ्यांचा प्रयोग करा. चौथ्या बाटलीत मिठाचे पाणी व खिळा ठेवून काय फरक दिसतो, तो लिहून ठेवा.
७. तुमच्या घरातील सर्वांत जुने भांडे कोणत्या धातूचे आहे व ते घरी कसे आले, हे वडीलधाऱ्यांना विचारून दहा-बारा ओळी लिहा.